निवडणूक-वादचर्चा, दूरचित्रवाणीवरील

निवडणूक-वादचर्चा, दूरचित्रवाणीवरील : एकाच पदासाठी उभ्या असलेल्या उमेदवारांनी, किंवा त्यांच्या वतीने पक्षनेत्यांनी, मतदारांच्या माहितीसाठी दूरचित्रवाणीवर समोरासमोर येऊन ठरावीक नियमांनुसार केलेली चर्चा. प्रचारसभेतील भाषण, वृत्तपत्रीय मुलाखत आणि जाहिरात यांहून ती तीन बाबतींत वेगळी असते. प्रतिस्पर्धी तेथे समक्ष हजर असतो. बोलण्याचा वेळ सर्वांना सारखा वाटून दिलेला असतो. आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचे नैतिक बंधन वक्त्यावर असते. वादचर्चेस कोणास बोलवावयाचे, प्रश्न कोणी काढावयाचे, वेळ कोणी मोजावयाचा, माइक केव्हा बंद करावयाचा आणि समोर श्रोतृवृंद असावा की नसावा, या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या बाबींवरच तिची निष्पक्षता अवलंबून असते. त्यामुळे वादचर्चेच्या सुधारणेचा विचार हा मुख्यतः तिच्या संचालनाचा विचार होय.

पूर्वपरंपरा : नियमबद्ध वादाची कल्पना भारतास नवी नाही. न्यायदर्शनात कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्यनिर्णयासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याच्या मताचे नुसते खंडन करते ती वितंडा होय. पराभव कोणत्या कारणांनी मानावा हे सांगण्यासाठी न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थाने दिली आहेत. त्यांपैकी मूळ विषय सोडून भलतेच बोलणे हे ‘अर्थांतर’, उत्तर न सुचणे ही ‘अप्रतिभा’ आणि दुसऱ्या कामाचे निमित्त सांगून चर्चा मोडणे हा ‘विक्षेप’ होय. आजच्या वादचर्चांतील बहुतेक दोष या तीन संज्ञांत बसविता येतात. महाराष्ट्रातील लोकपरंपरेतही शाहिरांच्या कलगी व तुरा या दोन पक्षांतील सवाल-जवाबांत लोकांसमक्ष प्रश्न टाकणे आणि त्याचे उत्तर त्याच बैठकीत देणे, ही रीत रूढ होती. अशा सामन्यात उत्तर टाळणारा पक्ष श्रोत्यांच्या नजरेतून उतरत असे.

इतिहास : दूरचित्रवाणीवरील वादचर्चेचा आरंभ सामान्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून मानला जातो. जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन यांच्यात त्या वर्षी चार चर्चा झाल्या. पहिली २६ सप्टेंबर रोजी शिकागो येथे झाली. १९३४ च्या संदेशवहन अधिनियमानुसार एका उमेदवाराला वेळ दिल्यास इतर सर्व उमेदवारांनाही तशी संधी द्यावी लागे. केवळ दोघांची चर्चा शक्य व्हावी म्हणून अमेरिकी काँग्रेसने हे बंधन १९६० पुरते स्थगित केले होते. ही चर्चा नभोवाणीवर ऐकणाऱ्यांना निक्सन व पडद्यावर पाहणाऱ्यांना केनेडी सरस वाटले, असे वारंवार सांगितले जाते. तथापि या विधानाला असलेला आधार तुटपुंजा आहे. त्यानंतर सोळा वर्षे अशी चर्चा झाली नाही, कारण आघाडीवर असलेल्या उमेदवाराला तिच्यात भाग घेण्याची गरज वाटली नाही.

१९७६ मध्ये ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या नागरिकांच्या संस्थेने ही प्रथा पुन्हा सुरू केली. त्या वर्षीच्या फिलाडेल्फिया येथील पहिल्या चर्चेत ध्वनियंत्रणा बिघडली आणि जेरल्ड फोर्ड व जिमी कार्टर हे दोन्ही उमेदवार सत्तावीस मिनिटे आपापल्या मेजामागे जवळजवळ न बोलता उभे राहिले. समोरासमोर उभे असूनही दोघांनी एकमेकांशी संवाद साधला नाही. दोन्ही प्रमुख पक्षांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये अध्यक्षीय वादचर्चा आयोग स्थापन झाला. १९८८ मध्ये उमेदवारांच्या प्रचारप्रमुखांनी आपसांत ठरविलेल्या अटी मान्य करण्यास नकार देऊन ‘लीग’ या कार्यातून बाहेर पडली. २००० पासून या आयोगाने राष्ट्रीय जनमत-चाचण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंबा ही प्रवेशाची अट घातली. १९९२ च्या चर्चांत सहभागी झालेले अपक्ष रॉस पेरो यांना १९९६ मध्ये वगळण्यात आले होते, त्यामुळे ‘प्रवेश कोणाला’ हा प्रश्न तेव्हापासून वादग्रस्त राहिला. २९ सप्टेंबर २०२० च्या चर्चेत सतत मध्येच बोलण्यामुळे उत्तरे ऐकू येईनात. म्हणून २२ ऑक्टोबरच्या चर्चेत प्रत्येक विषयावरील पहिल्या दोन मिनिटांत प्रतिस्पर्ध्याचा माइक बंद ठेवण्यात आला. २०२४ मध्ये उमेदवारांनी आयोगाला वगळून थेट वाहिन्यांशी बोलणी केली. त्या वर्षी २७ जून रोजी अटलांटा येथे झालेल्या चर्चेत श्रोतृवृंद नव्हता आणि पाळी नसलेल्या वक्त्याचा माइक बंद ठेवला जात होता.

इतर देशांतील व्यवस्था : फ्रान्समध्ये १९७४ साली व्हॅलेरी जिस्कार देस्तँ व फ्रांस्वा मितराँ यांच्यात अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीपूर्वी चर्चा झाली आणि तेथे ही प्रथा रुजली; प्रत्येक वक्त्याने घेतलेला एकूण वेळ घड्याळावर दाखविणे हे तिचे वैशिष्ट्य होय. ब्रिटनमध्ये संसदीय पद्धतीचे कारण पुढे करून पंतप्रधानपदाच्या दावेदारांची चर्चा दीर्घकाळ टाळली गेली. ती प्रथम एप्रिल २०१० मध्ये तीन प्रमुख पक्षांच्या नेत्यांत झाली आणि तिच्यासाठी ७६ नियम ठरविण्यात आले. श्रोत्यांनी टाळ्या वाजवू नयेत, असाही त्यांत नियम होता. कॅनडात २०१८ मध्ये नेत्यांच्या वादचर्चांसाठी स्वतंत्र आयोग नेमण्यात आला. मेक्सिकोत अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या किमान दोन चर्चा घेणे निवडणूक संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे. अर्जेंटिनाने २०१६ च्या कायद्याने अध्यक्षपदाच्या उमेदवारांना चर्चेस हजर राहणे सक्तीचे केले. गैरहजर उमेदवाराची जागा पडद्यावर रिकामी दाखविली जाते आणि त्याला प्रचारासाठी मिळणारा सार्वजनिक प्रसारणवेळ काढून घेतला जातो. संसदीय पद्धतीत वादचर्चा शक्य नाही हे मत ब्रिटन व कॅनडा या देशांच्या अनुभवाने खरे ठरत नाही, आणि नुसत्या आवाहनापेक्षा सवलतीशी जोडलेली अट अधिक परिणामकारक ठरते, हे अर्जेंटिनाच्या उदाहरणावरून दिसते.

भारतातील व्यवस्था : भारतात शासकीय प्रसारमाध्यमांवर राजकीय पक्षांना प्रचारासाठी विनामूल्य वेळ देण्याची पद्धत १९७७ च्या लोकसभा निवडणुकीपासून आहे. मुंबई येथे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले असल्याने महाराष्ट्रातील काही भागांत ही भाषणे तेव्हापासून पडद्यावर दिसू शकली; मराठवाड्यासारख्या प्रदेशात मात्र दीर्घकाळ आकाशवाणी हेच मुख्य साधन होते. निवडणूक आयोगाने १६ जानेवारी १९९८ रोजी या वाटपाची नवी योजना जाहीर केली आणि २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यात ३९अ हे कलम घालून तिला वैधानिक आधार देण्यात आला. विधानसभा निवडणुकीत प्रत्येक राष्ट्रीय पक्षाला व त्या राज्यातील मान्यताप्राप्त पक्षाला प्रादेशिक केंद्रावर ४५ मिनिटांचा मूळ वेळ समान मिळतो. त्यापुढील वेळ मागील निवडणुकीतील कामगिरीच्या प्रमाणात वाढतो. दिवस व वेळ सोडतीने ठरतात. भाषणाची संहिता आधी सादर करावी लागते. अन्य देशांवरील टीका, धर्म वा जाती यांवरील हल्ला, अश्लील वा बदनामीकारक मजकूर, हिंसेस चिथावणी, न्यायालयाचा अवमान आणि कोणत्याही व्यक्तीवर नाव घेऊन केलेली टीका यांना मनाई आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांच्या भाषणांतील काही शब्द प्रसारणापूर्वी गाळावयास सांगण्यात आले, तेव्हा या पूर्वछाननीवर सार्वजनिक चर्चा झाली.

या योजनेत पक्षांच्या भाषणांखेरीज प्रसार भारतीने मर्यादित संख्येने गटचर्चा घ्याव्यात, प्रत्येक पात्र पक्षाने त्यांत एक प्रतिनिधी पाठवावा आणि चर्चेच्या समन्वयकांची नावे निवडणूक आयोगाने मान्य करावीत, अशीही तरतूद आहे. वादचर्चेच्या दृष्टीने ही तरतूद सर्वांत महत्त्वाची होय. परंतु ती पक्षांसाठी आहे, उमेदवारांसाठी नाही. मतदारसंघातील अपक्ष वा अमान्य पक्षाच्या उमेदवाराला तिच्यात स्थान नाही. कलम ३९अ मध्ये केबल दूरचित्रवाणीचाही उल्लेख असला, तरी वेळेचे प्रत्यक्ष वाटप आकाशवाणी व दूरदर्शन यांपुरतेच राहिले आहे. परिणामी या व्यवस्थेने वेळेची वाटणी बऱ्याच अंशी न्याय्य केली. मात्र एका पक्षाच्या विधानाला दुसऱ्याने तेथल्या तेथे उत्तर द्यावे, ही गोष्ट तिच्याकडून साधली नाही. पक्ष एकामागून एक बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

खासगी वाहिन्यांवरील चर्चा : २००७ पासून मराठीत चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि निवडणुकीच्या काळात गावोगावच्या चौकांत नागरिक व कार्यकर्ते यांना एकत्र आणून चर्चा दाखविण्याचा प्रघात पडला. यामुळे तालुक्याच्या ठिकाणचे प्रश्न प्रथमच राज्यभर दिसू लागले, हे त्यांचे श्रेय होय. तथापि अशा कार्यक्रमांत उमेदवाराऐवजी बहुधा प्रवक्ते वा समर्थक बोलतात, अनेकजण एकाच वेळी बोलत असल्याने उत्तर हरवते आणि वाहिनीची प्रेक्षकसंख्या वाढविणारा गोंधळ थांबविण्यात सूत्रसंचालकाचे हित नसते. वृत्तप्रसारकांच्या संघटनेने ३ मार्च २०१४ रोजी निवडणूक-प्रसारणासाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. वस्तुनिष्ठ वृत्तांत, दबावापासून अलिप्तता आणि चुकीची तत्काळ दुरुस्ती यांवर त्यांत भर आहे. मात्र ती स्वयंनियमनाच्या स्वरूपाची आहेत आणि उमेदवारांची वादचर्चा कशी चालवावी याची तपशीलवार पद्धत त्यांत नाही.

राष्ट्रीय पातळीवर थेट वादचर्चेचे प्रयत्न झाले आहेत, पण ते फळास आले नाहीत. २००९ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांना दूरचित्रवाणीवरील चर्चेचे आव्हान दिले. ते स्वीकारले गेले नाही. २०१५ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत अरविंद केजरीवाल यांनी किरण बेदी यांना असेच आव्हान दिले असता, आपण सभागृहात वाद करू असे उत्तर मिळाले. ९ मे २०२४ रोजी निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर व अजित प्रकाश शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना पत्र पाठवून निःपक्ष व्यासपीठावरील जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. गांधी यांनी ते स्वीकारले. भारतीय जनता पक्षाच्या युवा आघाडीने आपल्या उपाध्यक्षांचे नाव चर्चेसाठी सुचविले. चर्चा मात्र झाली नाही. आव्हान देणारा आणि नाकारणारा पक्ष नेहमी एकच नव्हता. यावरून हा दोष कोणा एका पक्षाचा नसून, उमेदवारांच्या मर्जीवर सोडलेल्या व्यवस्थेचा आहे हे स्पष्ट होते. याउलट दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थीसंघाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा विद्यार्थ्यांतूनच नेमलेली निवडणूक समिती घेते. तीत भाषण, उमेदवारांनी एकमेकांस विचारलेले प्रश्न आणि श्रोत्यांचे प्रश्न अशा फेऱ्या असतात. संचालन उमेदवारांच्या हाती नसल्यामुळेच ही प्रथा टिकून राहिली आहे.

मतदारसंघातील अडचणी : भारतातील मतदारसंघात वादचर्चा घेताना पहिली अडचण उमेदवारांच्या संख्येची असते. सीमाभागातील बेळगाव लोकसभा मतदारसंघात १९९६ मध्ये ४५६ उमेदवार होते. त्यानंतर लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये व पुढे २५,००० रुपये करण्यात आली. तरीही एका मतदारसंघात तीस-चाळीस उमेदवार असणे आज अपवादात्मक नाही. दुसरी अडचण पक्षांच्या मोजमापाची आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेनेत व २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली. मागील कामगिरीवर आधारलेले कोणतेही वाटप अशा वेळी ती कामगिरी कोणाच्या नावावर धरावयाची या प्रश्नापाशी अडते. तिसरी अडचण कालमर्यादेची आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२६ अन्वये मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत त्या क्षेत्रात निवडणूकविषयक मजकूर दूरचित्रवाणीवर दाखविता येत नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे या काळात पाच टप्प्यांत झाली; त्यामुळे एका भागातील चर्चा दुसऱ्या भागातील शांतता-काळात दिसण्याचा संभव होता.

बीड जिल्ह्याचे उदाहरण : वादचर्चेची गरज व तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावाच्या संदर्भात चांगल्या समजतात. हे गाव माजलगाव विधानसभा मतदारसंघाच्या परिसरातील असून तो मतदारसंघ बीड लोकसभा मतदारसंघात मोडतो. १३ मे २०२४ रोजी येथे लोकसभेसाठी मतदान झाले. तीसहून अधिक उमेदवार रिंगणात होते. बजरंग सोनवणे हे पंकजा मुंडे यांच्याविरुद्ध ६,५५३ मतांनी विजयी झाले. उरलेल्या उमेदवारांच्या मतांची बेरीज या फरकाच्या कितीतरी पट होती. केवळ पहिल्या दोघांची चर्चा घेतली असती, तर निकालावर परिणाम करणारा एक मोठा गट तिच्या बाहेर राहिला असता; आणि सर्वांना बोलावले असते, तर दोन तासांच्या चर्चेत प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटेही आली नसती.

गावातील मतदार प्रचारसभेत एका वेळी एकाच पक्षाची बाजू ऐकतो. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचे उदाहरण यासंबंधी बोलके आहे. १९९० नंतरच्या दशकात मंजूर झालेल्या या मार्गावर बीड शहरापर्यंत गाडी २०२५ मध्ये पोहोचली. मधल्या प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाने या मार्गाचे श्रेय घेतले किंवा विलंबाचा दोष दुसऱ्यावर टाकला. कोणत्या वर्षी किती निधी आला, जमिनीचे संपादन कोठे अडले आणि राज्याचा वाटा केव्हा मिळाला, हे तीन प्रश्न सर्व उमेदवारांना एकाच मंचावर विचारले गेले असते, तर श्रेय व दोष यांची छाननी तेथेच झाली असती. सभेत टाळी मिळविणारे वाक्य वादचर्चेत पुरत नाही, कारण त्याची शहानिशा करणारा प्रतिस्पर्धी शेजारी उभा असतो.

प्रश्न कोण काढतो यालाही येथे मोठे महत्त्व आहे. जिल्ह्यातील मोठ्या संख्येने कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये उघडकीस आला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. असा प्रश्न प्रचारसभेत क्वचितच निघतो, आणि पक्षांच्या प्रतिनिधींनी मिळून विषय ठरविले तर चर्चेतही तो गळण्याचा संभव असतो. शिवाय विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात झाले. फडावर, कोपीत राहणाऱ्या मजुराला रात्री आठची चर्चा पडद्यावर पाहता येत नाही. त्याच्यापर्यंत ती पोहोचवावयाची असल्यास आकाशवाणीवरून पहाटे वा दुपारी पुनःप्रसारण आणि भ्रमणध्वनीवर ऐकता येईल असे छोट्या भागांतील ध्वनिमुद्रण आवश्यक ठरते.

श्रोतृवृंदाचा प्रश्नही येथे केवळ सोयीचा नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव येथे आमदार प्रकाश सोळंके यांच्या निवासस्थानी जाळपोळ झाली, आणि २०२४ च्या निवडणुकीवर मराठा व इतर मागासवर्ग यांच्यातील तणावाची छाया होती. अशा वातावरणात समर्थकांनी भरलेल्या मैदानात घेतलेली चर्चा सामाजिक तेढ वाढवू शकते. हीच चर्चा बंद दालनात, समर्थकांशिवाय आणि लेखी प्रश्नांवर घेतल्यास आरक्षणाच्या प्रश्नावर प्रत्येक उमेदवाराची नेमकी भूमिका दोन्ही समाजांना एकाच शब्दांत ऐकावयास मिळते. एका वस्तीत एक व दुसऱ्या वस्तीत दुसरेच आश्वासन देण्याची वाट त्यामुळे बंद होते.

सुधारणेच्या दिशा : वरील अनुभवांवरून संचालनातील सुधारणांची पुढील सूत्रे निघतात. (१) आयोजन उमेदवार, पक्ष व वाहिनी या तिघांपासून स्वतंत्र असावे. प्रसार भारतीच्या गटचर्चांच्या समन्वयकांना निवडणूक आयोगाची मान्यता लागतेच. हीच पद्धत मतदारसंघाच्या पातळीवर नेता येईल. सर्व वाहिन्यांना तेच चित्रण विनामूल्य घेता यावे. (२) प्रवेशाची कसोटी निवडणूक जाहीर होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावी आणि ती एकाच निकषावर नसावी. विद्यमान प्रतिनिधित्व, मागील मते आणि मतदारसंघातील ठरावीक संख्येच्या मतदारांच्या सह्या यांपैकी कोणतीही एक अट पुरी करणाऱ्यास मुख्य चर्चेत स्थान द्यावे. उरलेल्यांची सोडतीने गट पाडून वेगळी चर्चा घ्यावी. (३) विषय ठरविण्यात उमेदवारांचा हात नसावा. प्रश्न ग्रामपंचायती, शाळा, मजुरांच्या संघटना आणि स्त्रियांचे बचत गट यांच्याकडून मागवून त्यांतून निवडावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांनंतर उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण व फौजदारी प्रकरणे यांविषयी शपथपत्र द्यावे लागते. तेही प्रश्नांचा आधार होऊ शकते. (४) प्रत्येक वक्त्याचा उरलेला वेळ पडद्यावर दिसावा आणि पाळी नसलेल्याचा माइक बंद असावा. मात्र प्रत्येक विषयात उमेदवारांना एकमेकांस थेट प्रश्न विचारण्याची एक फेरी असावी. अन्यथा वादचर्चेला एकापाठोपाठ झालेल्या भाषणांचे स्वरूप येते. (५) उत्तर विषयाला सोडून गेल्यास सूत्रसंचालकाने तोच प्रश्न एकदा पुन्हा विचारावा. सत्यासत्याचा निवाडा त्याने स्वतः करू नये. आकडेवारीची पडताळणी दुसऱ्या दिवशी लेखी प्रसिद्ध करावी. (६) गैरहजर उमेदवाराची जागा रिकामी दाखवावी आणि विनामूल्य प्रसारणाच्या सवलतीला उपस्थितीची अट जोडावी. (७) चर्चा शांतता-काळापूर्वी पुरेशी आधी घेऊन तिचे आकाशवाणीवरून पुनःप्रसारण व्हावे आणि दूरचित्रवाणीवर तिचे सांकेतिक भाषेतील रूपांतर दाखवावे.

यांपैकी नाव घेऊन टीका करण्यास असलेली मनाई वादचर्चेत शिथिल करावी लागेल. ज्याच्यावर टीका होते तो समोर नसतो, म्हणून भाषणात ही मनाई योग्य ठरते. वादचर्चेत तो तेथल्या तेथे उत्तर देऊ शकतो. प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान करणे आणि धर्म, जात वा भाषा यांच्या आधारे मत मागणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ अन्वये भ्रष्टाचार ठरते, आणि ते बंधन चर्चेतही कायम राहते. त्यामुळे संहितेची पूर्वछाननी न करताही मर्यादा राखणे शक्य आहे.

मर्यादा : उमेदवारास बोलण्याची सक्ती करणे भाषणस्वातंत्र्याच्या तत्त्वाशी विसंगत ठरेल, असा आक्षेप घेतला जातो. सार्वजनिक खर्चाने मिळणाऱ्या सवलतीला अट जोडणे ही मात्र सक्ती नव्हे, असे त्यावर उत्तर देता येते. दुसरा आक्षेप असा, की वादचर्चेत वक्तृत्व व देखणेपणा यांना अवाजवी महत्त्व येते आणि उत्तम काम करणारा पण मितभाषी उमेदवार मागे पडतो. यात तथ्य आहे. लेखी प्रश्न आधी कळविणे, उत्तरास पुरेसा वेळ देणे आणि बोलीभाषेत बोलण्याची मोकळीक ठेवणे हे त्यावरील काही उपाय होत. वादचर्चेमुळे मतदारांचे मत किती बदलते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि तिच्यामुळे उमेदवारांविषयीची माहिती वाढते, हे बहुधा मान्य केले जाते. लोकशाहीत तेवढे कार्यही महत्त्वाचे होय. उमेदवाराने दिलेले उत्तर दिनांकासह ध्वनिमुद्रित स्वरूपात उरते आणि पाच वर्षांनी तोच उमेदवार पुन्हा मत मागावयास आला असता, ते त्याच्यासमोर ठेवता येते. प्रचारसभेतील आश्वासनाचा असा लेखा राहत नाही. वादचर्चेचे संचालन निष्पक्ष व्हावे यासाठी कराव्या लागणाऱ्या खटपटीचे मुख्य प्रयोजन हेच आहे.